चुलीला लावलेला जांभा

भूमध्य समुद्राचं नाव कुणी काढलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या बिचाऱ्या समुद्राचा काही दोष नाही, मी तो पाहिलेलासुद्धा नाही. पण दुबईच्या आमच्या मराठी मंडळात एक गृहस्थ होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ते सहकुटुंब तिकडे बोटीने फिरून आले आणि पुढे वर्षभर त्यांनी तो समुद्र आम्हाला पाजला. अल मनखूलमधल्या त्यांच्या फ्लॅटवर कुणी हळदीकुंकवाला जरी गेलं, तरी व्हिडिओ लावला जायचा. डोंगरउतारावरची जुनी गावं, पिवळट दगडांची घरं, खाली निळंशार पाणी. आणि यांची कॉमेंटरी चालू. "ही बघा गल्ली, पाचशे वर्षं जुनी. एक दगड हलवलेला नाही कुणी! आपल्याकडे आहे का अशी कदर? आपल्या लोकांना सेन्सच नाही." आम्ही बायका पाठीमागे त्यांना भूमध्यवाले म्हणायचो. मीही तेच म्हणते, त्यांचं खरं नाव घेण्याची माझी इच्छा नाही.

त्या हिवाळ्यात मंडळाची सहल कुठे न्यायची यावर खल चालला होता, तेव्हा भूमध्यवाल्यांनीच सुचवलं. पूर्व किनाऱ्यावरच्या दिब्ब्याहून लाकडी बोट करायची आणि उत्तरेला डोंगरांच्या कडेकडेने जायचं. उभे कडे, मध्येच एखादी खाडी, खाडीच्या टोकाला जुनं गाव. "मेडिटरेनियनची सर नाही येणार, पण गरिबाचं मेडिटरेनियन समजा," म्हणाले. तो किनारा ओमानचा, पण त्या काळी दिब्ब्याच्या बोटी तिकडे सर्रास जायच्या, कुणी अडवत नसे. माझे यजमान मंडळाचे सहचिटणीस, त्यामुळे ही सगळी चर्चा आमच्याच हॉलमध्ये, माझ्याच चहावर झाली.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या भाभींना सहज सांगितलं की आम्ही असे असे जाणार. या भाभी रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांच्या मिस्टरांचं देऱ्याच्या बाजारात दुकान. आमची दारं समोरासमोर, आणि त्यांची फणसाची भाजी नि माझी पुरणपोळी या दारातून त्या दारात कायम फिरत असायची. त्यांच्या आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. बारीक चणीच्या, कमरेत वाकलेल्या, बोलायला फटकळ. मी खाडीचं नाव घेतलं आणि खालांच्या हातातली सुरी थांबली.

"कुठली खाडी बोललीस बाय? परत बोल."

मी परत सांगितलं. खालांनी भाभींकडे बघितलं. मग भाभींनीच सगळं सांगितलं. भाभींचे वडील गलबतावर खलाशी होते. कौलं आणि लाकूड घेऊन इकडे यायचं, परत जाताना खजूर भरायचा. एका खेपेला ते तापाने फणफणले आणि याच किनाऱ्यावर, याच खाडीत गेले. बरोबरच्या लोकांनी त्यांना तिथेच, गावाखालच्या बोरीच्या झाडापाशी दफन केलं. गाववाल्यांनी कफनाचं कापड दिलं. खाला तेव्हा विशीच्या होत्या आणि भाभी पोटात. गलबत परत आलं तेव्हा सोबत्यांनी खालांना एवढंच सांगितलं, की त्या मुलखात कबरीवर नाव घालायची रीत नाही, नुसता दगड उभा करतात. म्हणून आम्ही आपल्या गलबताच्या तळात वजनाला भरलेल्या दगडांतला एक जांभा त्याच्या उशाशी लावलाय. तिथले सगळे दगड करडे. तांबडा एकच. कधी गेलीस तर चुकायची नाहीस.

"कंदी गेलीस तर!" खाला म्हणाल्या. "चाळीस-पंचेचाळीस वर्सां झाली. कोण नेनार होता मला? तुजा मंडल?"

भाभींच्या मिस्टरांनी चौकशी केली होती. गावाला रस्ता नाही. मासेमारीच्या होडीत बायकांना घ्यायला कुणी तयार नव्हतं. आणि खालांचा व्हिसा सहलीनंतर आठवड्याभरात संपणार होता. गुडघे असे, की पुढच्या वर्षी येतील याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. त्यांना काय हवं होतं? नवऱ्याच्या कबरीपाशी बसून फातेहा पढायचा, सब्जाची पानं ठेवायची आणि गावच्या विहिरीचं पाणी शिंपडायचं. ते पाणी त्या एका गुलाबपाण्याच्या बाटलीत भरून रत्नागिरीहून घेऊन आल्या होत्या. नुसत्या आशेवर!

मी यजमानांना म्हटलं, यांना दोघींना बरोबर घ्यायचं.

"मेंबर्स ओन्ली आहे गं," ते म्हणाले. "कशाला विषय काढतेस? एकाला घेतलं की दहा जण येतात."

कमिटीत विषय निघालाच. कुणी म्हणालं, इन्शुरन्सचं काय. कुणी म्हणालं, आपला कौटुंबिक कार्यक्रम, त्यात हे दुखवट्याचं कशाला. एका बाईंनी तर विचारलं, "त्यांना आपलं जेवण चालेल का?" अहो, त्या माझ्या घरात बसून श्रीखंड खातात! मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सांगितलं, त्या दोघी नसतील तर मीही नाही, आणि पन्नास माणसांच्या पुऱ्या ज्याला लाटायच्या त्याने लाटाव्यात. पुऱ्यांचं नाव काढल्यावर सगळ्यांना माणुसकी आठवली. कबर कुठे, तिची खूण काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. भूमध्यवाले तर म्हणाले, "अरे, आपल्या कोकणातल्याच आहेत, येऊ दे की! आमचं मूळ गाव गुहागरकडचंच." मूळ गाव गुहागरकडचं, पण तिथे शेवटचे कधी गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सहलीच्या दिवशी पहाटे बस सुटली. मसाफीचे डोंगर ओलांडून दिब्ब्याला पोचलो, बोट उभीच होती. नाखवा तिथलाच, दाढी पांढरी, हिंदी मोडकीतोडकी पण कामापुरती. मी त्याला खालांची गोष्ट सांगितली. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मालूम है वो गाँव. मैं ले के जाएगा." त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. इन्शुरन्सचंही त्याने विचारलं नाही.

तो किनारा मी कधी विसरणार नाही. सरळ पाण्यात उतरलेले डोंगर, झाडाचं नाव नाही, आणि त्यांच्या पायथ्याशी पाणी इतकं हिरवं की तळाचे खडक दिसावेत. वळण आलं की एकदम एखादी खाडी उघडायची आणि आत डोंगराच्याच दगडांची पाच-पंचवीस घरं. बघता बघता आधी दारंच दिसायची, काळी चौकोनी, मग घरं. बरीच ओस पडलेली होती, माणसं शहरात सरकारी घरांत राहायला गेली होती. एका गावात एका छपरावर बकरी उभी होती आणि ती आमच्याकडे बघत होती. बोटीच्या कडेने डॉल्फिनसुद्धा आले.

आणि आमची मंडळी काय करत होती? अंताक्षरी! बोट सुटायच्या आधीच माइक आला होता. स्त्रिया विरुद्ध पुरुष. डोंगर गेले, गावं गेली, कुणी मान वळवून पाहिलं नाही. मग तंबोला. आमच्या लेकीला म्हटलं, बघ ती घरं किती जुनी आहेत, तर म्हणते, "मम्मा, आय नीड ओन्ली टू नंबर्स फॉर फुल हाउस." पोरांना तरी काय बोलायचं, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? भूमध्यवाले तेवढे उभे होते, पण पाठ समुद्राकडे करून. "हे काहीच नाही, तिकडे बोटीवर सहा रेस्टॉरंट्स होती."

खाला मात्र पुढे बोटीच्या टोकाला, नाळेपाशी बसल्या होत्या. उलटीचा त्रास होईल म्हणून मी लिंबू दिलं, त्यांनी ते नुसतं हातात धरून ठेवलं. प्रत्येक खाडी आली की नाखव्याकडे बघायच्या आणि तो मान हलवायचा, अजून नाही. दुसऱ्या हातात ती बाटली. माझ्या लक्षात आलं, भाभी आईकडे बघतच नव्हत्या. पाण्याकडेही नाही. जन्माला आल्यापासून ज्यांना पाहिलं नाही त्या वडिलांकडे चालल्या होत्या त्या.

शेवटी एक खाडी आली आणि नाखव्याने इंजिन बारीक केलं. उतारावर घरं, सगळी रिकामी. खाली वाळूची पुळण आणि गाव यांच्या मध्ये एक सपाट तुकडा, त्यात एक मोठं बोरीचं झाड. खालांनी लिंबू सोडलं. ते बोटीच्या फळ्यांवरून गडगडत गेलं.

बोट दूरच नांगरावी लागली. किनाऱ्यावर जायला छोटी होडी, एका वेळी सात-आठ माणसं. मी म्हटलं, आधी खाला. पण खालांना शिडीवरून उतरायला वेळ लागणार. तेवढ्यात भूमध्यवाले ओरडले, "यल्ला यल्ला! पहिल्या बॅचला चहाचं सामान! चहा चुलीवरचाच होणार आज, एकदम वनभोजन!" बोटीवर गॅस होता बरं का. शेगडी होती, थर्मास होते. पण नाही, तीन दगडांची चूल मांडायची हौस! पातेलं, साखर, सतरंज्या आणि सात-आठ हौशी पुरुष घेऊन होडी गेली. नाखवा तेव्हा मागे इंजिनापाशी खाली उतरला होता. आम्ही दुसऱ्या खेपेची वाट बघत बसलो. मध्येच पहिल्या बॅचमधून हाका ऐकू आल्या, हसण्याचा आवाज आला, धूर दिसला.

आमची होडी टेकली. मी आणि भाभींनी खालांना दोन्ही बाजूंनी धरून वाळूतून वर आणलं. त्यांचे डोळे जमिनीवर. करडे दगड दिसायला लागले, हातभर उंचीचे, जोडीजोडीने उभे केलेले. एक डोक्याशी, एक पायांशी. काही आडवे झाले होते. मला कळायला क्षणभर लागलं. मग पाहिलं तर सतरंज्या त्यांच्याच मध्ये अंथरलेल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड. कुणी एका दगडाला टेकून बसलं होतं, कुणी दुसऱ्यावर पेपर प्लेटा रचल्या होत्या. आणि मध्ये चूल. पातेल्यात चहा उकळत होता. चुलीचे दोन दगड करडे होते.

तिसरा तांबडा.

खाला तिथेच थांबल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यो त्याचा दगड."

आणि भूमध्यवाले! पळी हातात घेऊन पुढे आले, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "वहिनी, बघितलंत का? जांभा! अस्सल कोकणातला जांभा! इथे कसा आला असेल सांगा? मी लांबूनच ओळखला. म्हटलं, आपल्या मातीचा दगड आहे, चहा याच्यावरच झाला पाहिजे. उपटायला जरा जोर लागला, पण निघाला. फोटोपण काढलाय."

माझ्या तोंडून काय काय गेलं ते मला आठवत नाही. यजमान सांगतात की मी पातेलं लाथेने उडवलं. उडवलं असेल. त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. मागून नाखवा आला, त्याने एक नजर टाकली आणि हातातली दोरी खाली फेकली. "ये मक़बरा है, क़ब्रिस्तान!" तो ओरडला. "तुम लोग अंधा है?" मग कुठे आमची सुशिक्षित मंडळी उठायला लागली. सतरंज्या झटकल्या गेल्या. कुणीतरी पुटपुटलं, "बोर्ड नको का लावायला?" बोर्ड! घरी जमिनीवर पडलेल्या कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं ही. दगडांची जोड्याजोड्यांनी रांग दिसते, सगळ्यांची दिशा एक दिसते, तरी यांना बोर्ड हवा.

मी विचारलं, कुठून उपटला? दाखवा जागा.

भूमध्यवाले इकडेतिकडे बघायला लागले. "तिथून कुठून तरी... नाही, तिकडून असेल." करडे दगड दुसऱ्या कुणी आणले होते, सतरंजीवरचे तिसऱ्याने. बोरीच्या आसपासच पाच-सहा ठिकाणी ताजे खड्डे होते. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. "आमच्या लक्षात नाही हो. दगडच तर आहे, एवढं काय? ठेवू ना परत कुठेतरी व्यवस्थित." कुठेतरी! नवऱ्याला कुठेतरी ठेवायचं होतं त्यांना.

खाला चुलीपाशी खाली बसल्या. विस्तव बाजूला सारला आणि दगडाला हात लावला, तो भाजला. मी मिनरल वॉटरची बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली आणि स्वतःची बाटली उघडली. विहिरीचं ते सगळं पाणी त्यांनी त्या तापलेल्या जांभ्यावर ओतलं. चर्रकन आवाज झाला, वाफ आली. एका अंगाने तो काळाठिक्कर पडला होता. तो त्यांनी पदराने घासला, काजळी निघेना. मग तो दगड पोटाशी धरून त्या वाकल्या कमरेने एकेका खड्ड्यापाशी गेल्या. आम्ही हात लावू म्हटलं तर लावू देईनात. समुद्राच्या बाजूच्या एका खड्ड्याजवळ थांबल्या.

"हितं असंल," म्हणाल्या. "त्याला दर्या दिसल्याबिगर झोप लागायची नाय."

तिथे दगड उभा केला. सब्जाची पानं ठेवली. फातेहा पढला. शिंपडायला पाणी उरलं नव्हतं. भाभी जमिनीला हात लावून बसल्या होत्या, पण त्यांची नजर सारखी दुसऱ्या खड्ड्यांवर जात होती. पंचेचाळीस वर्षांनी वडील भेटले, ते असे.

परतीच्या वाटेवर माइक कुणी चालू केला नाही, एवढी तरी लाज होती. बसमध्ये मी भूमध्यवाल्यांना गाठलं. म्हटलं, तुम्ही फोटो काढलाय ना दगड उपटताना? त्यात जागा दिसेल. उद्याच्या उद्या रोल धुवायला द्या, खालांचा व्हिसा संपतोय. तर हा माणूस म्हणतो, "रोलमध्ये अजून बरीच जागा आहे हो. आमच्या छोकरीचा बर्थडे आहे, तो झाला की एकदमच देतो. इन्शाल्ला." मी म्हटलं, नव्या रोलचे पैसे मी देते. दिऱ्हाममध्ये देते, हवं तर रुपयांत करून सांगते! त्यावर हसले, जणू मी विनोद केला. मी रोज फोन केला. घरी गेले, त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "ते म्हणतात तुम्ही उगाच टेन्शन घेताय." यजमानही म्हणाले, "आता पुरे, मंडळात वाईट दिसतं." कुणाला वाईट दिसतं? मला विचारा काय वाईट दिसतं ते!

खाला परत गेल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "बाय, तू माज्यासाठी भांडलीस." आणि माझ्या गालावर त्यांचा खरखरीत हात फिरवला. तळव्यावरचा फोड अजून गेला नव्हता.

फोटो मला मिळाला तो मंडळाच्या स्मरणिकेत. पूर्ण पान. भूमध्यवाले दोन पाय फाकवून उभे, दोन्ही हातांनी जांभा अर्धा उपटलेला, तोंडभर हसू. खाली ओळ छापलेली, 'आखातात भेटला कोकणचा दगड!' एवढं होऊन छापला, म्हणजे कमाल आहे. आणि फोटोत अगदी स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या कोपराला बोरीचा बुंधा घासत होता. समुद्राकडचा खड्डा नव्हताच तो. सोबत्यांनी भाभींच्या वडिलांना बुंध्याला लागून, सावलीत निजवलं होतं. तापाने फणफणलेल्या माणसाला सावली. खालांनी फातेहा पढला होता तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीवर.

मी स्मरणिका घेऊन समोरच्या दारात गेले. भाभींनी फोटोतल्या बुंध्यावर बोट ठेवलं. "आयेला सांगू नका वहिनी," एवढंच म्हणाल्या.

मंडळाच्या एका कार्यक्रमात भूमध्यवाले भेटले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "फोटो छान आलाय ना?"

पुढच्या शुक्रवारी भाभींच्या मिस्टरांनी दुकान बंद ठेवलं. आम्ही चौघं दिब्ब्याला गेलो, हो, माझे यजमानही आले, आणि कार त्यांनीच चालवली. त्याच नाखव्याने छोट्या होडीतून नेलं. किनारा तोच, गावं तीच, अंताक्षरीशिवाय किती शांत होता तो सगळा रस्ता. स्मरणिकेचं पान हातात धरून भाभींनी जागा शोधली. बुंध्याजवळ खड्डा होता, अर्धा वाळूने भरलेला. समुद्राकडचा दगड आम्ही उचलून तिथे लावला. त्या दुसऱ्या कबरीला तिचा करडा दगड परत दिला, निदान आम्हाला तो तिचा वाटला. भाभींनी पाणी शिंपडलं. नळाचंच होतं, दुबईचं.

त्या रात्री भाभींनी रत्नागिरीला फोन लावला, शेजाऱ्यांकडे. मी बाजूलाच होते. खाला प्रत्येक फोनवर एकच गोष्ट विचारायच्या, दगड जाग्यावर हाय ना. आणि इतके दिवस भाभी काहीतरी दुसरं बोलायच्या.

"जाग्यावर हाय, आये," भाभी म्हणाल्या. "मी आज सोताच्या डोळ्यांनी बघून आलंय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भाभींनी माझ्याकडे बघितलं.

"हाय, जरा काळा हाय अजून. पावसानं धुवून निघंल हळूहळू."

फोनमधला आवाज मलाही ऐकू आला, फटकळ, नेहमीसारखा.

"तितं पाऊस कुठं पडतो गो?"